भिंती मागे, पाइप पुढे: सर्व्हिसेस ड्रॉइंगमधलं बॅकग्राउंड ताब्यात कसं ठेवावं

एका कामात ११० मिलिमीटरच्या सॉइल पाइपच्या (संडासाचं सांडपाणी नेणाऱ्या) दोन स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी आधीच ठेवायच्या नळ्या) स्लॅबमध्ये टाकायच्या राहून गेल्या. ड्रॉइंगमध्ये त्या होत्या, ड्रॉइंग वेळेत गेलं होतं, त्यावर सही-शिक्काही होता. साइटवर ज्या कागदावरून काम चाललं होतं तो हातात घेतला तेव्हा उलगडा झाला. शाफ्टच्या भिंती, टाइल्सचा हॅच (भरणीच्या रेघा), आर्किटेक्टची मापं आणि आमच्या स्लीव्हची वर्तुळं, सगळं एकाच जाडीत आणि एकाच काळ्या रंगात छापलं गेलं होतं. आमच्या स्क्रीनवर भिंती छान फिकट राखाडी दिसत होत्या, कागदावर मात्र त्या आमच्या पाइपाइतक्याच ठळक होत्या. शेवटी कोअर कटिंग करून भोकं पाडावी लागली आणि तो खर्च कोणी सोसायचा यावर दोन बैठका झाल्या.

चूक आमचीच होती. साइटवरच्या माणसाने रेघांच्या गुंत्यातून दोन वर्तुळं शोधून काढावीत ही अपेक्षाच चुकीची.

बॅकग्राउंड म्हणजे आपल्या सर्व्हिसेसच्या (पाइप, हवेचे डक्ट, वायरिंग यांच्या) मागे दिसणारी इमारत: भिंती, दारं, कॉलम, बीम, जिने, ग्रिड (अक्षर-आकडे दिलेल्या संदर्भरेघा), खोल्यांची नावं. ती आपण काढलेली नसते. दुसऱ्याच्या फाइलमधून येते आणि काम संपेपर्यंत बदलत राहते. म्हणून तिच्याबद्दल तीन निर्णय वेगवेगळे घ्यावे लागतात. काय दाखवायचं, किती फिकट दाखवायचं, आणि हे सेटिंग कुठे साठवून ठेवायचं. बहुतेक जण दुसऱ्यापासून सुरुवात करतात आणि तिसऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. मग नवी आर्किटेक्चरल फाइल आली की सगळं पुन्हा हाताने.

खाली आधी रेव्हिटची (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) पद्धत दिली आहे, मग ऑटोकॅडची (रेघांनी ड्रॉइंग काढण्याचं सॉफ्टवेअर). तुम्ही फक्त ऑटोकॅडवर काम करत असाल तरी पहिला भाग वाचून मगच पुढे जा.

पहिली पायरी: कोणत्या शीटवर इमारतीतलं काय लागतं

सॉफ्टवेअर उघडण्याआधी प्रत्येक प्रकारच्या शीटसाठी एकच प्रश्न विचारा. हे ड्रॉइंग हातात घेऊन उभा असलेला माणूस इमारतीतली कोणती गोष्ट बघून आपल्या वस्तूची जागा ठरवणार आहे?

सॉकेटच्या प्लॅनमध्ये फर्निचर हवंच, कारण टेबल कुठे येणार त्यावर सॉकेटची जागा ठरते. दार कोणत्या बाजूला उघडतं तेही हवं, नाहीतर स्विचबोर्ड दारामागे जातो. लाइटिंगच्या प्लॅनमध्ये तेच फर्निचर नुसती गर्दी करतं. तिथे फॉल्स सीलिंगची ग्रिड महत्त्वाची, कारण दिवा टाइलच्या मधोमध बसवायचा असतो आणि शेजारच्या टाइलमध्ये स्प्रिंकलर आणि डिफ्यूझरही (हवा सोडणारी जाळी) वाट पाहत असतात. डक्टच्या प्लॅनमध्ये बीम हवेत. बीम न दाखवता काढलेला डक्टचा प्लॅन म्हणजे नुसतं शुभेच्छापत्र. ड्रेनेजच्या प्लॅनमध्ये सॅनिटरी फिटिंग, शाफ्ट आणि जमिनीचे उतार लागतात, सीलिंगशी काही देणंघेणं नसतं.

जवळजवळ प्रत्येक सर्व्हिसेस शीटवरून निःसंकोच काढून टाकावं असंही बरंच असतं: आर्किटेक्टची मापं, फरशीचा हॅच, भिंतीच्या आतल्या थरांच्या रेघा, दार-खिडक्यांचे टॅग, झाडं, गाड्या, माणसं. त्याच्या सेक्शनच्या खुणाही काढून टाका. त्या आपल्या संचात नसलेल्या शीटकडे बोट दाखवतात आणि वाचणारा ती शीट शोधत बसतो.

ग्रिड आणि खोल्यांची नावं मात्र कधीच काढू नका. साइटवर दोन माणसं फोनवर बोलतात तेव्हा 'सी आणि ४ च्या ग्रिडवर' असंच बोलतात.

ही यादी एका पानावर लिहून काढा. शीटचे प्रकार आडवे, इमारतीतल्या वस्तू उभ्या, आणि प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक शब्द: ठळक, फिकट किंवा बंद. अर्ध्या तासाचं काम आहे. पुढची सगळी सेटिंग्ज या पानावरूनच करायची आहेत.

दुसरी पायरी: रेव्हिटमध्ये डिसिप्लिन आणि हाफटोन

आर्किटेक्टचं आणि स्ट्रक्चरचं मॉडेल आपल्या फाइलमध्ये लिंक करून घ्या, लगेच पिन करा, आणि वर्कशेअरिंग (एकाच फाइलवर अनेकांनी काम करणं) चालू असेल तर प्रत्येक लिंक स्वतंत्र वर्कसेटवर (वस्तूंच्या वेगळ्या गटात) ठेवा. जड लिंक नको असेल तेव्हा तो वर्कसेट बंद करून फाइल हलकी करता येते.

आता प्लॅनचा व्ह्यू उघडा आणि प्रॉपर्टीजमध्ये डिसिप्लिन (व्ह्यूचा विषय) बघा. तिथे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा प्लम्बिंग निवडलं की रेव्हिट आर्किटेक्चर आणि स्ट्रक्चरच्या वस्तू आपोआप हाफटोनमध्ये (फिकट छटेत) ढकलतं आणि त्या विषयाच्या वस्तू वर आणतं. कोऑर्डिनेशन किंवा आर्किटेक्चरल ठेवलं तर सगळ्या विषयांची भूमिती एकाच ठळकपणात दिसते. स्ट्रक्चरल निवडलं तर भार न पेलणाऱ्या भिंती गायबच होतात. पार्टिशन कुठे गेली म्हणून कोणी तक्रार केली, तर पहिली नजर डिसिप्लिनकडे वळवा.

हाफटोन किती फिकट असावा हे मॅनेज टॅबमधल्या अ‍ॅडिशनल सेटिंग्जमध्ये, हाफटोन/अंडरले या चौकटीतल्या सरकपट्टीवर ठरतं. हे सेटिंग पूर्ण प्रोजेक्टला लागू होतं, एका व्ह्यूपुरतं नसतं. म्हणून एखादं शीट फार फिकट वाटलं म्हणून पट्टी हलवू नका, बाकीच्या सगळ्या शीट बदलतील. पट्टी एकदाच, कागदावर चाचणी काढून ठरवायची.

हाफटोन रेघेचा मूळ रंग कागदाच्या रंगाकडे झुकवतो, हेही लक्षात ठेवा. काळी रेघ राखाडी होते. पण एखाद्याने भिंतींना आधीच हलका राखाडी रंग दिला असेल आणि वरून हाफटोनही लावला, तर रेघ जवळजवळ नाहीशी होते. रंग बदलायचा की हाफटोन लावायचा, यातलं एकच निवडा.

इथे 'अंडरले' या शब्दाने बरेच जण गोंधळतात, आणि त्यांचा दोष नाही. रेव्हिटमध्ये हा शब्द निदान तीन ठिकाणी येतो. व्ह्यूच्या प्रॉपर्टीजमधला अंडरले म्हणजे दुसऱ्या मजल्याची आकृती या मजल्याखाली धरणं. त्यात खालची आणि वरची लेव्हल निवडता येते, आणि वर बघायचं की खाली तेही. लिंकच्या रांगेतला अंडरले म्हणजे ती लिंक हाफटोनमध्ये दाखवायची आणि तिने आपल्या रेघा झाकायच्या नाहीत. तिसरा म्हणजे वर सांगितलेल्या सेटिंगच्या चौकटीतला. सहकाऱ्याला फोनवर 'अंडरले बंद कर' असं सांगाल तेव्हा कोणता ते आधी सांगा.

तिसरी पायरी: लिंकला स्वतःचे नियम द्या

डिसिप्लिनने फिकटपणा आला, पण काय दिसावं हे ठरलं नाही. त्यासाठी व्हीजी टाइप करून व्हिजिबिलिटी/ग्राफिक्सची चौकट उघडा आणि रेव्हिट लिंक्सच्या टॅबवर जा. प्रत्येक लिंकसमोर डिस्प्ले सेटिंग्जचं बटण असतं आणि त्यात तीन पर्याय मिळतात.

'बाय होस्ट व्ह्यू' म्हणजे लिंकने आपल्या व्ह्यूचे नियम पाळायचे. सोपं आहे, आणि बऱ्याच शीटना पुरतं. पण यात आर्किटेक्टने त्याच्या व्ह्यूमध्ये टाकलेले टॅग, मजकूर आणि मापं दिसत नाहीत. ग्रिड आणि लेव्हल दिसतात. खोल्यांची नावं हवी असतील तर लिंकमधल्या खोल्यांना आपल्याच फाइलमध्ये टॅग लावता येतो, आणि मला तोच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. टॅग आपला, जागा आपली, डक्टवर आला तर बाजूला सरकवता येतो.

'बाय लिंक्ड व्ह्यू' म्हणजे आर्किटेक्टच्या फाइलमधला एखादा व्ह्यू जसाच्या तसा घ्यायचा. त्याची नावं, टॅग, सगळं येतं. आणि त्याचं डिसिप्लिनही येतं. त्याचा व्ह्यू आर्किटेक्चरल असतो, त्यामुळे आतापर्यंत फिकट असलेल्या भिंती एकदम काळ्याभोर होतात. 'काल हाफटोन होता, आज गेला' या तक्रारीमागे मला बहुतेक वेळा हेच सापडलं आहे.

म्हणून खरं काम तिसऱ्या पर्यायावर होतं. 'कस्टम' निवडा. बेसिक्स टॅबमध्ये प्रत्येक गोष्टीसाठी वेगळं सांगता येतं: व्ह्यू कोणता, व्ह्यू रेंज कोणाची, फेज कोणाचा, डिटेल लेव्हल कोणाची, डिसिप्लिन कोणाचं. आर्किटेक्टचा व्ह्यू घ्या, पण डिसिप्लिन 'बाय होस्ट व्ह्यू' ठेवा. भिंती पुन्हा मागे जातात. मग मॉडेल कॅटेगरीज टॅबवर वरचा पर्याय कस्टम करा आणि पहिल्या पायरीतल्या पानावरून एकेक खूण काढून टाकत जा. फर्निचर, प्लांटिंग, एन्टूराज आणि जे जे त्या पानावर 'बंद' लिहिलं असेल ते.

शक्य असेल तर आर्किटेक्टला आधीच विनंती करा की प्रत्येक मजल्याचा एक स्वच्छ व्ह्यू खास सर्व्हिसेससाठी ठेवावा आणि तो डिलीट करू नये. त्याच्या शीटवर असलेला व्ह्यू वापरला, तर त्याने उद्या मापं वाढवली की ती तुमच्या ड्रॉइंगमध्येही उगवतात.

बीम हवेत आणि दारंही हवीत

या एका प्रसंगात बहुतेकांचा दिवस जातो, म्हणून जरा थांबून बघू.

मजल्याची उंची ३००० मिलिमीटर धरा. बीमचा तळ २५५० वर आहे. डक्ट ६०० बाय ३००, बीमखालून जायचा आहे. व्ह्यूचा कट प्लेन (ज्या उंचीवर इमारत आडवी कापून बघतो ती पातळी) नेहमीप्रमाणे १२०० वर. या प्लॅनमध्ये बीम दिसणार नाहीत, कारण ते कट प्लेनच्या वर आहेत आणि प्लॅन खाली बघतो. मग कोणीतरी व्ह्यू रेंज (प्लॅनमध्ये किती उंचीचं दिसावं ते सेटिंग) उघडतो आणि कट प्लेन २७०० वर नेतो. बीम दिसले, सगळे खूश. दोन दिवसांनी कळतं की मजल्यावर एकही दार नाही. दारं २१०० उंचीची, कट २७०० वर, त्यामुळे कापली गेली ती दारावरची भिंत. सगळ्या खोल्या चारही बाजूंनी बंद दिसतात. ट्रान्सफर ग्रिल (एका खोलीतून दुसरीत हवा जाऊ देणारी जाळी) कुठे द्यायची, दाराखालून हवा कुठे जाते, काहीच कळत नाही.

उपाय असा. आपल्या व्ह्यूचा कट प्लेन २७०० वर राहू द्या आणि टॉप त्याच्या वर ठेवा. स्ट्रक्चरची लिंक बाय होस्ट व्ह्यू ठेवा, ती २७०० वर कापली जाईल आणि बीम दिसतील. आर्किटेक्टची लिंक कस्टम करा, लिंक्ड व्ह्यू म्हणून त्याचा मजल्याचा प्लॅन निवडा, आणि व्ह्यू रेंज 'बाय लिंक्ड व्ह्यू' ठेवा. तिचा कट १२०० वरच राहतो, दारं जागेवर येतात. एकाच शीटवर दोन लिंक दोन उंचींवर कापल्या जातात, आणि वाचणाऱ्याला ते जाणवतही नाही. बीमला तुटक रेघ द्या म्हणजे वरची वस्तू आहे हे कळेल. हे स्ट्रक्चरल फ्रेमिंग या कॅटेगरीवर ओव्हरराइड करून होतं.

दोनदा दिसणाऱ्या वस्तू

कॉलम आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये असतात आणि स्ट्रक्चरच्याही. दोन्ही लिंक चालू असतील तर एकावर एक दोन चौकोन येतात, आणि ते दहा मिलिमीटरने सरकलेले असतील तर कॉलमला सावली पडल्यासारखी दिसते. नियम ठरवा: भार पेलणारं सगळं स्ट्रक्चरच्या लिंकमधून, आर्किटेक्टच्या लिंकमध्ये ते बंद. पण बंद करण्याआधी तो सरक कोणाच्या चुकीने आला ते विचारा. दोन मॉडेल जुळत नसतील तर ड्रॉइंग साफ दिसून उपयोग नाही.

ग्रिडचंही तसंच. आपण कॉपी/मॉनिटरने ग्रिड आणि लेव्हल आपल्या फाइलमध्ये आणतो, आणि लिंकमधल्याही दिसत राहतात. कस्टममधल्या अ‍ॅनोटेशन कॅटेगरीज टॅबवर लिंकची ग्रिड बंद करा.

तिसरी जोडी जास्त लबाड आहे. आर्किटेक्टने मॉडेलमध्ये स्वतःचे दिवे आणि बेसिन ठेवलेले असतात. दिवे लाइटिंग फिक्स्चर्स या कॅटेगरीत, बेसिन प्लम्बिंग फिक्स्चर्समध्ये. या सर्व्हिसेसच्या कॅटेगरी असल्यामुळे भिंतींबरोबर त्या हाफटोनमध्ये जात नाहीत आणि तुमच्या दिव्यांइतक्याच ठळक दिसतात. मोजणीच्या वेळी कोणीतरी प्लॅनवरचे दिवे मोजतो आणि संख्या दुप्पट येते. लाइटिंगच्या शीटवर आर्किटेक्टचे दिवे बंद करा. ड्रेनेजच्या शीटवर मात्र त्याची बेसिनं चालू ठेवून त्या लिंकपुरता कॅटेगरीला हाफटोन द्या, कारण आपला पाइप तिथेच जोडायचा आहे.

काही बॅकग्राउंड पुढे आणावं लागतं

सगळं फिकट केलं की काम झालं, असं नाही. फायर डॅम्परच्या (आग लागली की डक्ट बंद करणाऱ्या झडपेच्या) ड्रॉइंगमध्ये आगरोधक भिंत हाच मुख्य विषय असतो. डक्ट तिला जिथे भेदतो तिथे डॅम्पर. ती भिंत बाकीच्या पार्टिशनइतकीच फिकट असेल तर तपासणारा प्रत्येक छेद शोधत बसेल.

त्यासाठी फिल्टर करा. कॅटेगरी भिंती, अट फायर रेटिंग या पॅरामीटरवर, आणि ओव्हरराइडमध्ये जाड, रंगीत रेघ. फिल्टरची मजा ही की लिंकचे व्ह्यू फिल्टर्स बाय होस्ट व्ह्यू असतील तर तो लिंकमधल्या भिंतींवरही चालतो. अट एकच, आर्किटेक्टने तो पॅरामीटर भरलेला हवा. रिकामा असेल तर फिल्टरला काही सापडत नाही, आणि ड्रॉइंग शांतपणे खोटं बोलतं: इमारतीत एकही आगरोधक भिंत नाही. म्हणून फिल्टर लावल्यावर एक माहीत असलेली भिंत, शक्यतो जिन्याची, हातोहात तपासून बघा.

एकेक वस्तू निवडून 'हायड इन व्ह्यू' करण्याचा मोह मात्र टाळा. लिंकमधली वस्तू कीबोर्डवरच्या टॅबने निवडून लपवता येते, पण आर्किटेक्टने ती पुसून नवी काढली की नवी वस्तू पुन्हा दिसते. आणि सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही की तिसऱ्या मजल्यावरची एक भिंत का नाही. कुणाचा तरी असा वारसा तुमच्या वाट्याला आला असेल, तर खालच्या पट्टीतला बल्ब दाबून लपवलेलं सगळं एकदा बघून घ्या.

सगळं जुळलं की व्ह्यू टेम्पलेट (व्ह्यूच्या सेटिंग्जचा साठवलेला संच) बनवा. त्यात रेव्हिट लिंक्सच्या ओव्हरराइडची खूण आहे ना, हे मुद्दाम बघा. ती राहिली तर टेम्पलेट लावूनही लिंक आपल्याच मनाने दिसते. शीटच्या प्रत्येक प्रकाराला एक टेम्पलेट, त्याहून जास्त नको. मी एका फाइलमध्ये चाळीस टेम्पलेट बघितले आहेत, त्यातल्या सहांची नावं 'नवीन', 'नवीन २', 'हाच वापरा' अशी होती.

ऑटोकॅडमध्ये हेच काम

ऑटोकॅडमध्ये सगळा खेळ एक्सरेफ (बाहेरून जोडलेली फाइल) आणि लेअर (रेघांचे थर) यांचा. आर्किटेक्टची फाइल ओव्हरले म्हणून जोडा, अटॅच म्हणून नको. अटॅच केली तर तुमची फाइल जो कोणी जोडेल त्याच्याकडेही आर्किटेक्टचा प्लॅन फुकट जातो आणि चार सल्लागारांच्या फाइल एकत्र आल्या की चार प्लॅन एकावर एक येतात. एक्सरेफ ठेवायला वेगळा लेअर करा, शून्य लेअरवर ठेवू नका. आर्किटेक्टने शून्य लेअरवर, बायलेअर (लेअरचाच) रंगात काही काढलं असेल तर ते या तुमच्या लेअरचा रंग घेतं, म्हणून या लेअरलाही राखाडीच रंग द्या.

आता पुढे अगदी क्रमाने करा.

१. लेअर मॅनेजरमध्ये डावीकडच्या झाडात एक्सरेफचा आपोआप बनलेला फिल्टर निवडा. एक्सरेफचं नाव, उभी रेघ, लेअरचं नाव अशा रूपात त्याचे सगळे लेअर दिसतात.

२. सगळे एकदम निवडून एकच रंग द्या. मी ८ क्रमांकाचा वापरतो. एकच रंग, कारण छापताना एकाच जागी नियंत्रण हवं.

३. नको ते लेअर फ्रीझ करा. नुसतं ऑफ केलेल्या लेअरवरच्या वस्तू रीजनमध्ये (ड्रॉइंग स्क्रीनवर नव्याने आखताना) धरल्या जातात, फ्रीझच्या धरल्या जात नाहीत, म्हणून फाइलही हलकी राहते. एका शीटपुरतंच लपवायचं असेल तर त्या व्ह्यूपोर्टमध्ये (शीटवरच्या खिडकीत) जाऊन व्हीपी फ्रीझ करा.

४. व्हिसरिटेन हे व्हेरिएबल १ आहे ना ते बघा. ० असेल तर फाइल पुन्हा उघडताच सगळे रंग आर्किटेक्टचे होतात आणि तुमची दुपार वाया जाते.

५. ही अवस्था लेअर स्टेट म्हणून साठवा. प्रत्येक प्रकारच्या शीटसाठी एक.

६. ड्रॉऑर्डर वापरून एक्सरेफ सगळ्यात मागे पाठवा, नाहीतर त्याचा भरीव हॅच तुमच्या पाइपवर बसतो.

रंग दिल्यावरही काही वस्तू लाल-हिरव्याच राहिल्या, तर त्यांना रंग लेअरवरून नव्हे, थेट दिलेला आहे. एक्सरेफओव्हरराइड हे व्हेरिएबल १ केलं की एक्सरेफमधल्या अशा वस्तूही बायलेअर असल्यासारख्या वागतात. आर्किटेक्टची फाइल उघडून तिच्यात दुरुस्ती करण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

स्क्रीन खोटं बोलते

आता सुरुवातीच्या त्या दोन स्लीव्हकडे. आम्ही तेव्हा ऑटोकॅडमध्ये एक्सरेफ फिकट दाखवणारं एक्स-डीडब्ल्यूजी-फेड-सीटीएल हे व्हेरिएबल वापरून समाधान मानलं होतं. ते उणे ९० ते ९० मध्ये काहीही ठेवता येतं आणि स्क्रीनवर सुंदर दिसतं. पण ते फक्त स्क्रीनपुरतं आहे, प्लॉटवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. लॉक केलेले लेअर फिकट दाखवणाऱ्या सेटिंगचंही तेच.

कागदावरचा फिकटपणा सीटीबीमध्ये (रंगानुसार छपाई ठरवणाऱ्या फाइलमध्ये) ठरतो. रंग ८ ला रेघेची जाडी ०.१३ किंवा ०.१८ मिलिमीटर आणि स्क्रीनिंग (शाईची तीव्रता, १०० म्हणजे पूर्ण) ५०च्या आसपास द्या. सर्व्हिसेसच्या रेघांना ०.३५ ते ०.५०, स्क्रीनिंग १००. जाड्यांची ही मालिका प्रमाण आहे, ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५०, ०.७०, प्रत्येक पायरी आधीच्या साधारण १.४ पट. शेजारच्या पायऱ्या कागदावर सहज वेगळ्या ओळखू येत नाहीत, म्हणून बॅकग्राउंड आणि पाइप यांच्यात निदान दोन पायऱ्यांचं अंतर ठेवा.

स्क्रीनिंग ३०च्या खाली नेलं तर प्रिंटर राखाडी रेघ ठिपक्यांनी काढतो आणि बारीक रेघ तुटक दिसायला लागते. वरून कोणी झेरॉक्स काढली तर भिंत नाहीशी. आमच्या कामात ५० ते ६० ही पातळी कागदावर टिकली.

रेव्हिटमध्येही असाच सापळा आहे. प्रिंट सेटअपमध्ये हाफटोनच्या जागी बारीक रेघा छापण्याचा एक पर्याय आहे. त्यावर खूण असेल तर सगळा हाफटोन काळ्या बारीक रेघांत बदलतो. दुसऱ्याच्या फाइलमधला प्रिंट सेटअप उचलून आणताना ही खूण सोबत येते. आणि थिन लाइन्स चालू ठेवून काम करत असाल तर स्क्रीनवर सगळ्याच रेघा सारख्या दिसतात, जाडीचा अंदाज त्यावरून कधीच घेऊ नका.

चाचणी साधी आहे. ए१ चं शीट ए३ वर, काळ्या-पांढऱ्यात छापा, कारण शेवटी साइटवर तेच पोचतं. हात लांब करून धरा. पाच सेकंदांत पाइपचा मार्ग बोटाने दाखवता आला पाहिजे, आणि पुढच्या पाच सेकंदांत तो कोणत्या खोलीतून जातो ते नावासकट सांगता आलं पाहिजे. पहिलं जमलं नाही तर बॅकग्राउंड जड आहे. दुसरं जमलं नाही तर तुम्ही ते फार पुसलं आहे. ही चाचणी ज्याने ड्रॉइंग काढलं त्याने करू नये, त्याला सगळं पाठ असतं.

नवी फाइल आली की

आर्किटेक्टची सुधारित फाइल नव्या नावाने येते, नावात तारीख किंवा आवृत्ती घुसवलेली. जुनी लिंक काढून नवी टाकली तर रेव्हिटमधली लिंकची सगळी कस्टम सेटिंग्ज जातात. त्याऐवजी मॅनेज लिंक्समध्ये जाऊन 'रिलोड फ्रॉम' करा, सेटिंग्ज टिकतात. ऑटोकॅडमध्ये एक्सरेफचं नाव तेच ठेवून फक्त पाथ बदला. नाव बदललं तर लेअरची नावंही बदलतात, कारण एक्सरेफचं नाव त्यांच्या पुढे जोडलेलं असतं, आणि लेअर स्टेटला ओळखीचं काहीच सापडत नाही.

रिलोड झाल्यावर आर्किटेक्टने वाढवलेले नवे लेअर मात्र त्याच्याच रंगात येतात. लेअर मॅनेजरमधल्या 'अनरिकन्साइल्ड न्यू लेअर्स' या फिल्टरमध्ये ते सापडतात, तिथूनच त्यांना राखाडी करा किंवा फ्रीझ करा आणि लेअर स्टेट पुन्हा साठवा. रेव्हिटमध्ये तुम्ही कस्टमच्या यादीत बंद न केलेल्या कॅटेगरीतलं काही नव्याने आलं असेल तर तेही असंच डोकावतं. प्रत्येक टेम्पलेटचं एकेक शीट उघडून बघा. आणि पाठवण्याआधी शाफ्ट असलेल्या एका शीटचा ए३ प्रिंट काढून त्यावरच्या सगळ्या स्लीव्ह पेनने गोल करा. एखादी शोधावी लागली, तर ते शीट अजून पाठवू नका.